पुढे सोळा, मागे त्रेचाळीस

गाडीचं सॉकेट बदलायला आलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न विचारतो, "मागे कोण बसतं?" गिऱ्हाईक बुचकळ्यात पडतं. त्याला वाटलेलं असतं की मी इंजिन कुठलं ते विचारीन, टायरचं माप घेईन. ते नंतर येतंच. पण मागे कोण बसतं हे आधी. कोणी लाजतो. कोणी "कोणी नाही" म्हणतो आणि त्याचा मित्र शेजारी उभा राहून खोकतो. एकाने तर "तुम्हाला काय करायचंय?" असं म्हणून गाडी फिरवली आणि निघून गेला. दोन दिवसांनी परत आला, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "सासूबाई."

पस्तीस वर्षं मी हा प्रश्न विचारतोय आणि मला त्याचा फार अभिमान होता. तो मी अर्धाच विचारत होतो हे मला गेल्या वर्षी कळलं. या अंकाच्या संपादकांनी धंद्यातल्या गमतीजमती लिहा म्हणून सांगितलंय. एखाददुसरी लिहितो, पण मला खरं तर ही अर्ध्या प्रश्नाची हकिगत सांगायची आहे.

माझा धंदा दाते पाडायचा. तळोज्याच्या एका कारखान्यात मी मिलिंग मशीनवर गिअर कापायचो. तो कारखाना बंद पडला तेव्हा तिथलंच एक म्हातारं मशीन भंगारात जाता जाता मी उचललं, एक लेथ घेतला आणि पनवेलला उरण नाक्याजवळ पत्र्याच्या शेडमध्ये बसलो. गल्लीत मला दातांचा डॉक्टर म्हणतात. एकदा एक बाई खरोखरच गाल धरून आल्या होत्या, त्यांना कोणी पाठवलं ते मला माहीत आहे.

बाहेरच्या माणसाला समजेल असं सांगतो. मोटरसायकलच्या इंजिनाची ताकद मागच्या चाकाला चेनने पोचते. चेनच्या पुढच्या टोकाला एक लहान दातेरी चकती असते, मागच्या चाकाला मोठी. पुस्तकात तिला स्प्रॉकेट म्हणतात, पनवेलच्या झाडून साऱ्या गॅरेजमध्ये सॉकेट. मी सॉकेटच म्हणणार. पुढच्या सॉकेटला दाते वाढवले की गाडी सरळ रस्त्यावर पळते, पण चढाला रडते. कमी केले की चढ चढते, पण हायवेवर इंजिन बोंबलायला लागतं. पुढचा एक दाता म्हणजे मागचे दोन-अडीच. एवढंच शास्त्र आहे. सायकल चालवलेल्या कोणालाही ते पायातून ठाऊक असतं.

कंपनीतून आलेल्या गाडीला हा विचार करावा लागत नाही. कोणीतरी इंजिनिअरने सगळ्यांना मिळून मधलं काहीतरी धरलेलं असतं. माझ्याकडे येतात त्या गाड्या वेगळ्या. सांगाडा चाळीस वर्षांपूर्वीचा, इंजिनाचं बोअर, म्हणजे आतली पोकळी, वाढवलेलं, मागचा टायर जाड, हॅण्डल भलतंच. अशा गाडीला बाजारातलं सॉकेट बसत नाही, बसलं तर जमत नाही. मग मेकॅनिक म्हणतो, घरत मिस्त्रीकडे जा.

जुन्या बुलेटमध्ये आणखी एक गंमत असते. पुढचं सॉकेट क्लचच्या मागे लपलेलं असतं. बदलायचं तर बाजूचं कव्हर खोला, ऑइल काढा, क्लच उतरवा. कव्हर परत लावलं की आत किती दाते आहेत ते मिस्त्रीला आणि देवाला माहीत. मागचं सॉकेट ब्रेकच्या ड्रमसोबत ओतलेलं असतं, एकाच तुकड्यात. तिथे दाते वाढवायचे तर जुने दाते लेथवर उतरवून नवी दातेरी कडी कापायची आणि बोल्ट मारून बसवायची. हे दोन दिवसांचं काम. दाते मोजून पाडावे लागतात. एका भोकांच्या चकतीवर पिन पुढे सरकवत प्रत्येक दात्याची जागा ठरवायची असते. मध्ये कोणी "चहा घेणार का" म्हणून विचारलं आणि एक भोक चुकलं, तर त्या वेळी काहीच कळत नाही. सगळे दाते छान पडत जातात. शेवटच्याला जागा अर्धीच उरते. मग ती कडी भंगारात.

आता गमतीची गोष्ट. विचुंब्याचा जना, म्हणजे जनार्दन, आपली बुलेट घेऊन आला होता. लग्न ठरलं होतं.

"घरतदादा, गारी अशी करा का वरातीत बँजोच्या मागं मागं पायी चालल्यासारी चालली पायजे. बंद नाय परली पायजे."

"मागे कोण बसणार?"

"नवरी! शालू नेसून."

"बरं. म्हणजे पुढचे दाते कमी करू."

"करा. आन दुसऱ्या दिवशी आमी दोघं लोनावल्याला जानार हाय. तवा शंभरनी पलाली पायजे."

"जना, सॉकेट एकच असतं. वरात की लोणावळा, ते ठरव."

जना एक तास शेडमध्ये बसून राहिला. तीन ठिकाणी फोन केले. शेवटी म्हणाला, "वरातीचंच करा. वरातीला आख्खा गाव बगतंय, लोनावल्याला कोन बगतंय?" सहा महिन्यांनी आला, म्हणाला, "दादा, आता लोनावला करा." असे येतात. बहुतेक सगळेच. आधी हळू, मग चार-सहा महिन्यांनी वेग मागायला. हे मी इतक्या वेळा पाहिलं होतं की तो मला निसर्गाचा नियम वाटायला लागला होता. माझ्या घोड्याने पेंड खाल्ली ती इथे.

प्रभाकर सामंत नवीन पनवेलला राहायचे. तळोज्याला एका केमिकल कारखान्यात तपासणी विभागात होते. हौशी माणूस. सोळा-सतरा वर्षांपूर्वी त्यांनी एक लोखंडी इंजिनाची जुनी बुलेट घेतली आणि तिच्या मागे लागले. बोअर वाढवलं, हॅण्डल खाली घेतलं, सीट पातळ करून मागून वर उचललं. दिसायला गाडी देखणी. माझ्याकडे आले ते पुढचं सॉकेट अठराचं करायला. मूळचे सोळा. अठरा म्हणजे हायवेवर गाडी जमिनीला चिकटून जाते, इंजिन शांत, पण थांबून निघताना क्लच बराच वेळ धरून रेस द्यावी लागते.

"मागे कोण बसतं?" मी विचारलं.

सामंतांनी मान न वळवता अंगठा खांद्यावरून मागे दाखवला. "बायको. तिचं काही नसतं."

"वजन?"

"पंचावन्न धरा."

शेडच्या दारात शैलावहिनी उभ्या होत्या. हातात दोन हेल्मेटं. मी त्यांच्याकडे बघून नमस्कार केला आणि कागदावर पंचावन्न लिहिलं. तेवढ्या वजनाला इंजिन घाटात दम टाकणार नव्हतं. अठरा बसवले.

पुढच्या रविवारी सामंत स्वतःहून सांगायला आले. "घरत, खोपोली कधी आली कळलंच नाही!" मलाही बरं वाटलं. त्यानंतर ते दोघं दर एक-दोन महिन्यांनी कुठे ना कुठे जायचे. महाबळेश्वर झालं, गोवा तर तीनदा. मी नव्या गिऱ्हाइकांना त्यांचं उदाहरण द्यायचो. पनवेलमध्ये अठराची बुलेट बघायची तर सामंतांची बघा, म्हणायचो. अशी बारा वर्षं गेली.

चार वर्षांपूर्वी सामंत थोड्याशा आजारपणाने गेले. मी दहाव्याला गेलो होतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये निळ्या ताडपत्रीखाली गाडी उभी होती. तिच्याकडे बघवलं नाही.

गेल्या वर्षी गणपती उठल्यावर एका सकाळी माझ्या शेडपुढे टेम्पो थांबला. वर ती बुलेट. मागून आपल्या स्कूटीवरून शैलावहिनी आल्या. वय अठ्ठावन्न. अंगाने बारीक. नवीन पनवेलला त्यांचा शिवणाचा क्लास आहे, निम्म्या सेक्टरच्या मुली त्यांच्याकडे शिकल्यात.

"घरतभाऊ, ही माझ्यासाठी करून द्या," त्या म्हणाल्या.

मी सवयीने विचारलं, "मागे कोण बसणार?"

"मागे मीच बसायचे. आता मागे कोणी नाही. पुढे मी."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मुलगा मंदार पुण्याला नोकरीत. त्याने गाडीला गिऱ्हाईक आणलं होतं. एक हॉटेलवाला. त्याला गाडी चालवायची नव्हती. इंजिन रिकामं करून, रंग मारून हॉटेलच्या भिंतीवर टांगायची होती. हल्ली असं करतात. मंदार काही वाईट मुलगा नाही. त्याचं म्हणणं, पार्किंगमध्ये गंजून जाण्यापेक्षा लोक बघतील तरी.

"मी त्याला म्हटलं, मी चालवते. तो हसला. नंतर म्हणाला, दिवाळीला येतो, तोपर्यंत रस्त्यावर नीट चालवून दाखव, मग ठेवू. नाहीतर भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी हॉटेलवाला टेम्पो पाठवतोय."

"कशी पाहिजे गाडी?"

"हळू. चाळीसच्या वर नाही गेली तरी चालेल. आणि आपल्या रेल्वेच्या पुलावर मध्येच थांबावं लागलं तर तिथून निघता आलं पाहिजे. मला त्याची फार भीती वाटते."

नवीन पनवेलहून जुन्या पनवेलला येणारा तो उड्डाणपूल. तिथे चढावर रिक्षा, बस, सगळे खोळंबतात. त्यांचं म्हणणं अगदी स्पष्ट होतं. मी ऐकलं, मान हलवली आणि पुढे सतराचं सॉकेट बसवलं.

का? खरं सांगतो. चार महिन्यांनी या बाई वेग मागायला येणार हे मी धरूनच चाललो होतो. सामंतांची गाडी, तिला पार सोळावर आणून मागे कडी वाढवायची म्हणजे चांगल्या घोड्याला टांग्याला जुंपण्यासारखं मला वाटत होतं. शिवाय मागचं दोन दिवसांचं काम वाचत होतं. मी त्यांना "केलंय हळू" एवढंच सांगितलं. किती ते सांगितलं नाही. कव्हर बंद झालं होतं. त्यांनी विचारलंही नाही.

किक मारायला मी शिकवलं. हॅण्डलजवळ एक छोटी दांडी असते, ती दाबून पिस्टन बरोबर जागी आणला की किकला जोर लागत नाही. तिसऱ्या खेपेला त्यांना जमलं. रोज सकाळी सेक्टरच्या रुंद रस्त्यांवर त्या सराव करायच्या. पंधरा दिवस सगळं ठीक चाललं होतं.

मग एका दुपारी एका रिक्षावाल्याचा फोन आला. गाडीच्या टाकीखाली माझ्या शेडचं स्टिकर आहे, त्यावरचा नंबर बघून त्याने केला होता. "मिस्त्री, मॅडम पुलावर पडल्यात. जास्त नाय लागलं, पन तुमी या."

मी पोचलो तेव्हा वहिनी कठड्याला टेकून बसल्या होत्या. चढावर बसच्या मागे थांबल्या, निघताना गाडी बंद पडली, मागे घसरली आणि आडवी झाली. पोटरीला सायलेन्सर लागून चांगलं भाजलं होतं, घोटा सुजला होता. मला बघून त्या पहिलं काय म्हणाल्या असतील? "माझंच चुकलं. मी क्लच लवकर सोडला."

त्यांनी क्लच लवकर सोडला नव्हता. त्यांचा हात लहान. सतराच्या सॉकेटवर, तापलेल्या इंजिनाने, त्या चढावर जितका वेळ क्लच अर्धा धरून ठेवावा लागतो तितका वेळ त्यांच्या बोटांना तो धरवला नसता. हे मला तिथे उभ्या उभ्या कळत होतं. मी बोललो नाही. चार माणसं जमली होती, मिस्त्री म्हणून माझं नाव होतं. मी गाडी उचलली, बसून खाली शेडवर आणली. रिक्षावाल्याने वहिनींना दवाखान्यात नेलं.

त्या संध्याकाळी मंदारचा त्यांना फोन आला. दिवाळीपर्यंत थांबायचं नाही, पुढच्याच आठवड्यात गाडी हॉटेलवाल्याला द्यायची. त्याचं तरी काय चुकलं?

घरी जेवताना मी बायकोला सगळं सांगितलं. तिने भाकरी वाढली आणि विचारलं, "त्यांनी हळू सांगितलेली ना?"

"सांगितलेली."

"मंग?"

मी भाकरी मोडत बसलो. ती पुढे म्हणाली, "तुमच्या राजदूतवर मी वीस वर्षं बसले. मला तरी कवा विचारलंत?" आणि भांडी उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी चार सीताफळं घेऊन मी वहिनींकडे गेलो. क्लास सुटला होता. पायाला पट्टी बांधून त्या मशीनपाशी बसल्या होत्या. मी बसलोसुद्धा नाही.

"वहिनी, क्लच तुम्ही लवकर नाही सोडला. तुम्ही हळू मागितली होती, मी अर्धीच हळू केली. पुढे सतरा घातलेत. सोळा घालून मागे वाढवायला हवे होते."

त्यांनी विचारलं, "का घातलेत सतरा?"

"मला वाटलं, तुम्ही पुढे वेग मागायला याल. सगळे येतात."

त्या रागावतील असं मला वाटलं होतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला बोलावून मशीनच्या बाजूची मोटर दाखवली. "ही बघा. नव्या मुलीला वेगाचं मशीन दिलं की ती कापडाकडे बघतच नाही, सुईकडे बघते. बोट वाचवण्यातच सगळं लक्ष. शिवण वाकडी जाते आणि ती म्हणते, मला येतच नाही. म्हणून मी नव्या मुलींच्या मशीनला मोटरवरचं हे चाक लहान बसवून घेतलंय."

"पुढचं लहान केलं की हळू," मी म्हटलं.

"हो. तुम्ही आणि हे त्या दिवशी सोळा-अठरा बोलत होतात ना, तेव्हाच मला कळलं होतं तुम्ही काय करताय ते." त्यांनी सीताफळांची पिशवी बाजूला ठेवली. "बारा वर्षं मी सुईकडेच बघत बसले, घरतभाऊ."

मग त्या सावकाश सांगत गेल्या. गोव्याला तीनदा गेलो, पण मला काय आठवतं? यांच्या हेल्मेटच्या मागे एक ओरखडा होता, तो आठवतो. सीट मागून उंच, धरायला काही नाही. वळण आलं की मी डोळे मिटायचे. कर्नाळ्याचा सुळका रस्त्यावरून दिसतो म्हणतात. मी तिथून पन्नासदा गेले असेन, एकदाही धड बघितला नाही.

"तुम्ही सांगितलं नाहीत कधी?"

"वाऱ्यात ऐकू जात नाही. आणि घरी पोचल्यावर हे इतके खुशीत असायचे की सांगवायचं नाही. ते वाईट नव्हते हो. विचारायचं असतं हेच त्यांना सुचलं नाही." मग म्हणाल्या, "त्या दिवशी तुमच्या दारातच मी उभी होते. तुम्ही माझं वजन विचारलंत. तेही त्यांना."

मला त्या क्षणी इतकी लाज वाटली की कुठे बघावं कळेना. मागच्या माणसाचा विचार करणारा मिस्त्री म्हणून मी मिरवत होतो. मागच्या माणसाचं वजन विचारत होतो, मत कधीच नाही. किती गाड्या केल्या असतील, आणि मागे किती जणी डोळे मिटून बसल्या असतील. त्यांच्या खाली माझेच दाते फिरत होते.

"गाडी का ठेवायची आहे तुम्हाला?" मी विचारलं.

"त्याच रस्त्यांनी जायचंय. बघत बघत."

तिथूनच मी मंदारला फोन लावला. चूक आईची नाही, माझी आहे, असं स्वच्छ सांगितलं. तो म्हणाला, "काका, तुम्ही आईला भरीला घालू नका. तिला काही झालं तर?" मी म्हटलं, "दिवाळीपर्यंतचं ठरलं होतं. तेवढं थांबा. तुम्ही स्वतः बघा आणि मग ठरवा." तो नाखुशीने थांबायला तयार झाला. मग म्हणाला, "हॉटेलवाल्याला मी नाही म्हणणार नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तो येणार म्हणजे येणार."

वहिनींचा घोटा बरा होईपर्यंत मी काम केलं. मागच्या ड्रमवरचे अडतीस दाते लेथवर उतरवले आणि त्रेचाळीसची कडी कापायला घेतली. त्रेचाळीसच का? चेनच्या कड्यांची संख्या नेहमी सम असते, म्हणून मागचे दाते विषम ठेवले की चेनची तीच कडी त्याच दात्यावर पुन्हा पुन्हा बसत नाही, झीज सगळ्यांत वाटली जाते. पुढे सोळा. पूर्वी ज्या आवाजात गाडी ऐंशीने जायची, त्याच आवाजात आता बासष्ट-त्रेसष्टने जाणार. चेनला दोन कड्या वाढवल्या, चेनचं पत्र्याचं कव्हर ठोकून बाहेर काढलं. दाते पाडताना शेडचं दार लावून घेतलं होतं, चहावाल्यालाही आत येऊ दिलं नाही. शेवटच्या दात्याला जागा पूर्ण उरलेली बघितली तेव्हा कुठे श्वास सोडला.

पुढचं कव्हर मात्र मी बंद केलं नाही. वहिनींना बोलावलं. "मोजा," म्हटलं.

त्यांनी पर्समधून शिवणाचा खडू काढला, पहिल्या दात्यावर खूण केली आणि एकेक दाता मोजत गेल्या. सोळा. मग मागच्या चाकापाशी उकिडव्या बसून त्रेचाळीस मोजले. मध्ये एकदा चुकल्या, पुन्हा पहिल्यापासून मोजले. त्यानंतर मी कव्हर लावलं. आता मी प्रत्येक गिऱ्हाइकाकडून दाते मोजून घेतो आणि मागे बसणारं माणूस सोबत आणल्याशिवाय कामाला हात लावत नाही. त्याने दोन-चार गिऱ्हाइकं तुटली.

पुढचं थोडक्यात सांगतो. मंदार दिवाळीला आला. वहिनी त्याला मागे बसवून पुलावरून जुन्या पनवेलला घेऊन आल्या. चढावर मुद्दाम थांबल्या आणि निघाल्या. तो माझ्या शेडपाशी उतरला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं. मला म्हणाला, "काका, हे सीट फार वाईट आहे हो. आई यावर बसायची?" आणि तिथेच बाजूला जाऊन त्याने हॉटेलवाल्याला फोन केला. गाडी वहिनींकडेच आहे. सीट बदललंय.

पण मला सांगायचंय ते त्याच्या चार दिवस आधीचं. वहिनी पडल्यानंतर पहिल्यांदा पुलावर चढणार होत्या. मी सकाळीच जाऊन चढाच्या मध्यावर कठड्याशी उभा राहिलो होतो. त्या आल्या, माझ्यापाशी थांबल्या, एक पाय टेकवला आणि निघाल्या. गाडी मागे एक इंचही गेली नाही. वळून आल्या, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा हेल्मेटची काच वर केली. चेहरा घामाने भिजलेला होता आणि त्या हसत होत्या.

"बसा मागे," म्हणाल्या.

"मी?"

"बसा ना. मागे कोण बसतं ते विचारता ना नेहमी?"

पस्तीस वर्षांत मी कोणाच्या मागे बसलो नव्हतो. ट्रायल घ्यायची तर गाडी मीच चालवणार. मी बसलो. सीट मागून उंच, पुढे घसरायला होतं, हात ठेवायला कुठे जागा नाही. समोर एका बाईची पाठ आणि हेल्मेट. काटा दिसत नव्हता, रस्ता दिसत नव्हता, पुढचा खड्डा कळत नव्हता. पूल उतरून आम्ही नेऱ्याच्या रस्त्याला लागलो. शेजारून एक डंपर गेला आणि मी चक्क डोळे मिटले. गाडी काही पळत नव्हती. त्या आवाजावरून मला माहीत होतं, जेमतेम चाळीस असेल. आकडा मला पाठ होता, दाते मीच पाडले होते. तरी डोळे उघडवत नव्हते.

वहिनींनी मान किंचित वळवली आणि वाऱ्यात ऐकू यावं म्हणून मोठ्याने विचारलं, "घरतभाऊ, वेग जास्त वाटतोय का?"

"छे छे, चालू द्या," हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. ते मी गिळलं.

"थोडी हळू घ्या," मी म्हणालो.

त्यांनी लगेच हळू केली.